तबल्याच्या रियाजात खेळ कसा आणायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत तबला शिकणारी मुलं, त्यांचे पालक आणि ऑफिस सांभाळून शिकणारी मोठी माणसं आम्हाला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणं शक्य तिथे एकाच कायद्यावर (विस्तार करता येईल अशा ठरावीक बोलांच्या रचनेवर) दिली आहेत: धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना. हा कायदा जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत असतोच.

१. रियाजात ‘खेळ’ म्हणजे काय? मनाला येईल ते वाजवायचं का?

नाही. मनाला येईल ते वाजवण्यात मजा आहे आणि त्यासाठी वेळही ठेवावा (प्रश्न २), पण त्याला आम्ही खेळ म्हणत नाही. खेळाला तीन गोष्टी लागतात: एक नियम, जिंकलो की हरलो हे लगेच कळण्याची सोय, आणि हरलं तरी काही बिघडत नाही याची खात्री. ‘कायदा वीस वेळा वाजव’ हे काम झालं. ‘लहरा (साथीला फिरत राहणारी धून) बंद करून चार आवर्तनं (तालाच्या फेऱ्या) वाजव आणि सम (फेरीची पहिली मात्रा) जुळते का बघ’ हा खेळ झाला. दोन्हींत हात तेवढाच चालतो, पण दुसऱ्यात कान जागा राहतो. नियम निवडताना आपली कच्ची बाजू पकडायची. ‘तिट’ अडखळत असेल तर खेळ ‘तिट’चाच हवा, जे आधीच छान वाजतं त्याचा खेळ करून हाती काही लागत नाही.

२. माझ्याकडे रोज जेमतेम वीस मिनिटं असतात. त्यात खेळ कुठे बसवू?

पहिली पाच मिनिटं सुटे बोल, सावकाश: चाटेवरचा (काठावरचा) ना, लवेवरचा (काठ आणि शाईच्या मधला) ती, शाईवरचा (मधल्या काळ्या भागावरचा) तू, बायाचा (डग्ग्याचा) गे. मधली दहा मिनिटं खालीलपैकी एकच खेळ. शेवटची पाच मिनिटं लहरा लावून जे आवडेल ते, नियमाशिवाय. हा शेवटचा भाग वेळ कमी पडला म्हणून कापू नका. दुसऱ्या दिवशी तबल्यापाशी बसावंसं वाटतं ते बऱ्याचदा त्या पाच मिनिटांमुळे.

३. एकच कायदा वाजवून कंटाळा येतो, पण हात तर बसायला हवा. काय करू?

पाच चिंचोके घ्या (नाण्यांनीही चालतं) आणि डग्ग्याच्या डावीकडे ठेवा. कायदा एकदा स्वच्छ वाजला की एक चिंचोका उजवीकडे सरकवायचा. चुकलं की एकच परत डावीकडे. पाचही उजवीकडे गेले की लय पाचने (मिनिटाला पाच मात्रांनी) वाढवायची आणि पुन्हा सुरुवात.

‘चुकलं की सगळे परत’ असा कडक नियम बरेच जण लावतात. तो टाळा. चार चिंचोके गेल्यावर पाचव्याला मनगट आखडतं, श्वास अडकतो आणि नेमकी तिथेच चूक होते. मग हाताला त्या आखडण्याचाच सराव होतो. एक परत घेण्याच्या नियमात चुकीची किंमत मोजावी लागते, पण डाव मोडत नाही.

‘स्वच्छ’ म्हणजे काय, तेही आधी ठरवून ठेवा. उदाहरणार्थ: ‘तिट’ची दोन्ही अक्षरं सारख्या जोराने आली, आणि ‘ताता’ला बाया गुंजला नाही. एका वेळी दोनच कसोट्या पुरेत.

४. पत्ते किंवा फासे घेऊन रियाज करतात असं ऐकलं. नेमकं कसं?

पत्त्यांच्या कॅटमधून एक्क्यापासून पंजीपर्यंतची पानं काढा. चार रंगांची मिळून वीस होतात. आकड्यावरून काय वाजवायचं ते ठरतं: एक्का म्हणजे कायद्याचं मुख (मूळ रचना), दुर्री ते पंजी म्हणजे पहिला ते चौथा पलटा (मुखातलेच बोल फिरवून केलेला प्रकार). रंगावरून कसं वाजवायचं ते ठरतं:

किलवर: बरोबरीत, मात्रेला एक बोल.
चौकट: दुपटीत, मात्रेला दोन बोल.
बदाम: दुपटीतच, पण शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतक्या हळू.
इस्पिक: तबला नाही, हाताने ताल धरून फक्त पढंत (बोल तोंडाने म्हणणं).

पानं पिसून पालथी ठेवा. लय ७०. प्रत्येक पानाला तीनतालाची दोन आवर्तनं, म्हणजे साधारण २७ सेकंद. मधल्या ठेक्यांसह वीस पानांना साधारण चौदा मिनिटं लागतात. पान उलटायला लहरा थांबवायचा नाही. एक आवर्तन ठेका (तालाचे मूळ बोल) धरा आणि त्यात उजव्या हाताने झटकन पान उलटा. ठेका तुटला तर ते पान गड्डीच्या तळाशी जातं.

बदामाची पानं सगळ्यांना नकोशी असतात, कारण हळू आवाजात आणि जलद एकदम वाजवताना बोटांची लबाडी उघडी पडते. म्हणूनच ती काढून टाकू नका.

५. पत्त्यांनी रियाज केला की उलट जास्त चुका होतात. मग उपयोग काय?

चुका वाढणारच, त्यात वावगं काही नाही. १९७९ साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली लोकांना शिकवल्या होत्या. काहींनी एक हालचाल पुरी करून मग पुढची घेतली, काहींनी तिन्ही सरमिसळ केल्या. सरावाच्या वेळी सरमिसळवाले मागे पडले. नंतर घेतलेल्या परीक्षेत मात्र त्यांनाच जास्त आठवलं. पलटा दर वेळी नव्याने आठवावा लागतो, म्हणून तो पक्का होतो. मैफलीत किंवा परीक्षकासमोर ‘आता तिसरा पलटा’ असं कोणी आधी सांगत नाही, हेही आहेच.

अट एकच: प्रत्येक पलटा सुटा, सावकाश लयीत चार-पाच वेळा बिनचूक येत असला पाहिजे. कालच शिकलेला पलटा पत्त्यांत टाकाल तर चूकच पाठ होईल. त्याला आधी चिंचोके (प्रश्न ३).

६. मुलगी सहा वर्षांची आहे, पाच मिनिटांत उठून जाते. जबरदस्ती करू का?

नको. या वयात सलग अर्धा तास मागण्यापेक्षा दिवसातून दोनदा दहा मिनिटं मागा, आणि त्यातली निम्मी ऐकण्याची ठेवा. मुलीने पाठ करून बसायचं, तुम्ही किंवा तिच्या दादाने ना, ती, तू यांपैकी एक वाजवायचा, तिने ओळखायचं. दहापैकी आठ आले की त्यात ‘धा’ आणि ‘धिन’ टाका. मग भूमिका बदला: ती वाजवेल, तुम्ही ओळखा, आणि मधूनमधून मुद्दाम चुका. तुमची चूक पकडण्यासाठी मुलं विलक्षण लक्ष देऊन ऐकतात.

दुसरा खेळ नकलेचा. बायावर मनगटाची टाच दाबत पुढे सरकवून खिडकीतल्या कबुतराचं घुमणं काढायचं. तबल्यावर पत्र्यावर पडणारा पाऊस, आधी थेंब थेंब, मग सर. टाच दाबून सूर चढवण्याची जी क्रिया मोठ्यांना समजावून सांगावी लागते, ती कबुतराच्या निमित्ताने मुलांना आपोआप येते. उस्ताद झाकीर हुसेन (१९५१–२०२४) माहीमला वाढले. पुढे भर मैफलीत ते डमरू आणि शंख तबल्यावर ऐकवत आणि सभागृह हसून दाद देई. तेव्हा नकलेला पोरखेळ म्हणायचं कारण नाही.

शरीराचीही काळजी घ्या. तबला मुलीच्या कोपराच्या वर येत असेल तर तिला पाट किंवा घट्ट घडी केलेली सतरंजी द्या. खांदे उचलून वाजवायची सवय लागली की ती मोडायला फार वेळ जातो.

७. रियाज केला की चॉकलेट किंवा मोबाइलवर गेम, असं ठरवलं तर?

सुरुवातीला चालतं, पुढे अंगाशी येतं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत हे तपासलं. ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडत होतं, त्यांपैकी काहींना ‘चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. पुढच्या आठवड्यांत त्याच मुलांनी मोकळ्या वेळेत चित्रांना इतरांच्या निम्माच वेळ दिला. ज्यांना प्रमाणपत्र न सांगता अचानक मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही.

म्हणून सौदा नको, कौतुक चालेल, तेही नेमकं: ‘आज तिट दोन्हीकडे सारखं आलं.’ आणि खरं बक्षीस हवंच असेल तर गणपतीत आरतीला ठेका धरू द्या. चाळीच्या किंवा सोसायटीच्या मांडवात केहरवा धरून दहा मिनिटं वाजवल्यावर जो उत्साह येतो, तो चॉकलेटने येत नाही.

८. शेजारी तक्रार करतात. वन रूम किचनमध्ये खेळत रियाज कसा करायचा?

त्रास बहुधा तबल्याचा नसतो, डग्ग्याचा असतो. त्याचा खर्ज फरशीतून खालच्या मजल्यावर उतरतो. चुंबळीखाली योगा मॅटचा दुहेरी तुकडा आणि त्यावर जाड सतरंजी घातली की बराच फरक पडतो. वाद्य सामाईक भिंतीपासून दूर, कपड्यांच्या कपाटाकडे तोंड करून ठेवा.

रात्री दहानंतर वाद्य बंद आणि पढंत सुरू. हा वेळ वाया जात नाही. ‘कुजबुज’ नावाचा खेळ घ्या: कायदा दुपटीत, पण ओठातल्या ओठात, आणि दर चौथ्या आवर्तनात पूर्ण शांत राहून फक्त हाताने ताल धरायचा. पाचव्याच्या समेला ‘धा’ बरोबर पडला पाहिजे.

पुडीवर (वाद्याच्या चामड्यावर) नॅपकिन टाकूनही वाजवता येतं. उशीवर मात्र दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. उशी बोटाला उसळी देत नाही, म्हणून बोट उचलायला जास्त जोर लावावा लागतो आणि मग खऱ्या पुडीवर हात जड पडतो.

९. विरार ते चर्चगेट रोज जातो. लोकलमध्ये काही करता येईल का?

बसायला जागा मिळाली तर बरंच काही, उभे असाल तरी एक गोष्ट नक्की. तीनताल बोटांवर मोजा: करंगळीची तीन पेरं आणि टोक म्हणजे एक ते चार, अनामिका पाच ते आठ, मधलं बोट नऊ ते बारा, तर्जनी तेरा ते सोळा. अंगठा पेरांवरून फिरवायचा. मधल्या बोटाच्या पहिल्या पेराला ‘खाली’ (टाळी नसलेली जागा). एक हात दांडीला धरून हे आरामात होतं. दारात लटकत असाल तर राहू द्या.

जागा मिळाली की घड्याळाचा खेळ. सेकंदकाटा बघून लय ६० मनात बसवा, डोळे मिटा आणि दहा मात्रांच्या झपतालाची सहा आवर्तनं मनात म्हणा. डोळे उघडाल तेव्हा बरोबर एक मिनिट व्हायला हवं. दोन सेकंदांच्या आत आलात तर छान. तीनतालाला चार आवर्तनं म्हणजे ६४ सेकंद.

हा खेळ घरापेक्षा गाडीत अवघड जातो. रुळांची खडखड स्वतःची लय घेऊन येते आणि गाडीने वेग धरला की मनातली लयही तिच्यामागे पळते. त्यात मध्येच पुढच्या स्टेशनची घोषणा. एवढ्यात लय टिकली तर साथीला बसल्यावर गायकाने कितीही ओढलं तरी टिकेल.

१०. घरच्यांसमोर वाजवताना गंमत यावी असा एखादा खेळ सांगा.

तिहाईची (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याची) फर्माईश. घरातल्या कोणीही एक ते सोळामधला आकडा सांगायचा, तुम्ही त्या मात्रेपासून तिहाई उचलून समेवर यायचं. ऐकणाऱ्याला तालाची माहिती नसली तरी ‘आला की नाही’ हे कळतंच.

हिशोब असा. तीनताल सोळा मात्रांचा, पण तिहाईचा शेवटचा धा पुढच्या समेवर पडतो, म्हणून समेपासून समेपर्यंत सतरा जागा. तीन वेळा तुकडा अधिक दोन वेळा दम (मधलं थांबणं) मिळून तेवढ्या जागा भरल्या पाहिजेत.

समेपासून: तुकडा ५, दम १. ‘तिट कत गदि गन धा’, एक मात्रा थांबा, पुन्हा, थांबा, पुन्हा. धा पडतात पाचव्या, अकराव्या मात्रेवर आणि समेवर.

पाचव्या मात्रेपासून तेरा जागा: तुकडा ३, दम २. तुकडा ‘तिटकत गदिगन धा’, आता मात्रेला चार अक्षरं.

नवव्यापासून, म्हणजे खालीपासून, नऊ जागा: तोच तीन मात्रांचा तुकडा, दम नाही. ही बेदम तिहाई सगळ्यांत आधी बसवा.

तेराव्यापासून पाच जागा: नुसता धा, एक मात्रा दम, धा, दम, धा.

इतर तालांत समेपासून: झपतालात ११ जागा, तुकडा ३ दम १. एकतालात १३ जागा, तुकडा ३ दम २. रूपकात ८ जागा, तुकडा २ दम १. रूपकात सम खालीवरच असल्यामुळे नवखा माणूस हमखास गोंधळतो, म्हणून तो शेवटी घ्या.

कुठे चुकतं? एक, शेवटचा धा सोळाव्यावर टाकला जातो, कारण मनात सोळाच धरलेले असतात. दोन, दमात घाई होते. उपाय म्हणून दमाच्या जागी मोठ्याने ‘एक’ म्हणा. महिनाभराने ते मनातल्या मनात म्हणा.

११. कोणी १४ किंवा १६ सांगितलं तर? हिशोब बसतच नाही.

पूर्ण मात्रांत बसत नाही, खरं आहे. १४ ला चार जागा उरतात, १६ ला दोन. अर्धी मात्रा वापरा. १४ ला पहिला धा चौदाव्यावर, दुसरा साडेपंधरावर, तिसरा समेवर: प्रत्येकी दीड मात्रेचं अंतर. १६ ला सोळाव्यावर, साडेसोळावर आणि समेवर. दुसरा मार्ग म्हणजे ठेका धरून पुढच्या आवर्तनापर्यंत वाट बघणं आणि सोयीच्या मात्रेवरून उचलणं. घरच्या खेळात ही पळवाट चालवून घ्यायला हरकत नाही. १५ मात्र अगदी सोपा आहे: धा धा धा.

१२. एकट्यानेच रियाज करतो. सवाल-जवाब कोणाशी करू?

स्वतःच्या आवाजाशी. फोनवर चार मात्रांचा सवाल आणि त्यापुढे चार मात्रा रिकाम्या, असे आठ सवाल लहऱ्यासह ध्वनिमुद्रित करा. दुसऱ्या दिवशी लावून जवाब द्या. नियम: जवाब त्याच वळणाचा पण खालीचा, म्हणजे बाया बंद. ‘धाधा तिट’ला ‘ताता तिट’. एक दिवस मध्ये जाऊ द्या, नाहीतर सवाल पाठ असतात.

दुसरा सोबती लहरा. कानात इअरफोन, तीनताल, लय ८०. दोन आवर्तनं ऐकून इअरफोन काढा, चार आवर्तनं वाजवा (४८ सेकंद), पुन्हा कानात घाला. सम जुळली तर दोन गुण, अर्ध्या मात्रेच्या आत असाल तर एक. गुणांपेक्षा कोणत्या बाजूला चुकलात ते लिहून ठेवा. बहुतेकांची लय पुढे पळते, आणि तिटच्या जागी जास्त.

१३. खेळाच्या नादात हात बिघडतो, बोल अस्पष्ट होतात. मग?

खेळाला लयीची कमाल मर्यादा ठेवा. ज्या लयीत कायदा दहा वेळा स्वच्छ येतो, तीतून दहा वजा करा. खेळ त्याच्या वर न्यायचा नाही. ११० ला स्वच्छ येत असेल तर खेळ १०० पर्यंत. आठवड्यातून एकदा फोन हाताच्या बाजूने लावून चित्रीकरण करा आणि आवाज बंद करून बघा: करंगळी ताठ उभी राहते का, ना वाजवताना अनामिका शाईच्या कडेवरून सुटते का. सुटत असेल तर चार दिवस खेळ बंद, फक्त सुटे बोल. मनगट दुखलं किंवा बोटं बधिर झाली तर त्या दिवशी वादनच बंद. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर डॉक्टर.

१४. आमच्या गुरुजींना हे सगळं पटणार नाही. त्यांच्यापासून लपवायचं का?

लपवायची गरज नाही आणि वर्गात पत्ते काढायचीही नाही. त्यांनी दिलेला पाठ त्यांनी सांगितलेल्या पद्धतीनेच दाखवा. घरी खेळताना एक पथ्य पाळा: पलटा करताना मुखात नसलेला बोल आणायचा नाही, आणि भरीच्या (बाया वाजतो त्या भागाच्या) जागी भरी, खालीच्या जागी खाली राहिली पाहिजे. या चौकटीत केलेला नवा पलटा गुरुजींना दाखवला तर ते बहुधा रागावणार नाहीत, दुरुस्त करतील. बोलाच्या निकासाबाबत (तो कोणत्या बोटाने, कसा काढायचा याबाबत) मात्र खेळातून काही नवं शोधू नका. प्रत्येक घराण्यात ‘तिरकिट’ची बोटं वेगळी, आणि तिथे गुरूंचा शब्द शेवटचा.

१५. गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा पंधरा दिवसांवर आली आहे. खेळ थांबवू?

पत्ते चालू ठेवा, पण पानांऐवजी अभ्यासक्रमातल्या तालांच्या चिठ्ठ्या करा: एका बाजूला तालाचं नाव, दुसऱ्या बाजूला मात्रा, खंड, टाळी, खाली. चिठ्ठी उचलली की आधी हाताने ताल देत एकपट आणि दुप्पट म्हणायची, मग वाजवायचं. चिंचोके आणि फर्माईश थांबवा. नवीन खेळ या काळात मुळीच नको.

१६. पावसाळ्यात पुडी उतरते, बेसूर तबल्यावर बसावंसंच वाटत नाही.

दमट हवेत चामडं सैल पडतं, जुलैत हे रोजचंच. रियाजाआधी पाच मिनिटं सूर लावण्याचाच खेळ करा. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोटावर) सोळा घरं असतात. एक घर वाजवा, मग बरोबर समोरचं, आणि कोणतं उतरलं आहे ते हातोडी उचलण्याआधी बोलून दाखवा. आवाज थोडाच उतरला असेल तर गजऱ्यावर हलके ठोके. सगळीकडूनच उतरला असेल तर गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली ठोका. वाजवून झाल्यावर गादी ठेवून गवसणीत बांधा, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका.

१७. हेच खेळ पेटी, ढोलकी किंवा गाण्याला चालतील का?

चिंचोके, पत्ते, इअरफोन काढण्याचा खेळ आणि घड्याळ जसेच्या तसे चालतात. पेटीला पलट्यांऐवजी अलंकार घ्या आणि इस्पिकला सरगम नुसती गा. ढोलकीला तिहाईची फर्माईश उत्तम रंगते. गाण्यात चिंचोक्यांचा खेळ सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, घसा बसतो.

१८. महिन्याभराने खेळांचाही कंटाळा येतो. मग काय?

बहुतेक वेळा खेळ सोपा झालेला असतो. दहापैकी नऊ वेळा जिंकत असाल तर नियम आवळा: इअरफोन चारऐवजी आठ आवर्तनं बाहेर, बदामाची पानं दुप्पट, तिहाईचा आकडा ठेका चालू असताना सांगायचा. दहापैकी तीनदाच जिंकत असाल तर उलट करा, लय दहाने उतरवा. सहा-सात वेळा जिंकणं ही चांगली जागा. तरीही नको वाटत असेल तर तो खेळ पंधरा दिवस बाजूला ठेवा आणि दुसऱ्या तालात शिरा. तीनतालात वर्ष काढलेल्याला झपतालात पत्ते पहिल्या दिवशी पुन्हा घाम काढतात.